फार्मसीच्या इंटरव्ह्यूला काय वाचून जायचं? आधी घरातलं पॅरासिटामॉलचं पाकीट

ताई, तुमचा प्रश्न वाचला. लेक ए लेव्हलला, म्हणजे युकेतल्या बारावीला आहे, केमिस्ट्री बायो मॅथ्स, तीन आठवड्यांवर एमफार्मचा (इथली फार्मसीची पहिली डिग्री) इंटरव्ह्यू आलाय, युनिव्हर्सिटीच्या ईमेलमध्ये "थोडं बॅकग्राउंड रीडिंग करून या" असं एकच वाक्य आहे आणि त्या एका वाक्यावर कोचिंगवाल्यांनी तुम्हाला चौदा पुस्तकांची यादी काढून दिलीय. वर तुम्ही विचारताय बीएनएफ, म्हणजे औषधांचं ते जाडं संदर्भपुस्तक, विकत घेऊ का. नका घेऊ. ते आम्ही रोज वापरतो पण वाचत कोणीच नाही, डिक्शनरीसारखं आहे ते, हवं ते पान उघडायचं आणि मिटायचं, आणि इथे युकेत ऑनलाइन फुकट बघता येतं. तेवढ्या पैशात लेकीला छान जेवायला न्या.

मी कोण ते आधी सांगते म्हणजे किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळची कराडची, बी.फार्म. महाराष्ट्रातच केलं, मग इकडे येऊन ओस्पॅपचा, म्हणजे परदेशी फार्मासिस्टसाठीचा एक वर्षाचा कोर्स, ट्रेनिंगचं वर्ष, रजिस्ट्रेशनची परीक्षा, असं सगळं करत फार्मासिस्ट झाले. नऊ वर्षं कम्युनिटी फार्मसीत, म्हणजे औषधाच्या दुकानात, काउंटरवर होते, आता हॉस्पिटलमध्ये आहे. आणि गेली काही वर्षं एका युनिव्हर्सिटीत एमफार्मच्या इंटरव्ह्यूला बाहेरचे फार्मासिस्ट बोलावतात त्यात मी असते. खरे प्रश्न सांगणार नाही, तसं लिहून दिलेलं असतं, पण टेबलाच्या अलीकडून काय दिसतं ते सांगू शकते. मुलामुलींचे किस्से थोडे बदलून सांगतेय.

आपला घोळ कुठे होतो माहितीये का, महाराष्ट्रात बी.फार्म.ला सीईटीचे मार्क, मग कॅप राउंड, कॉलेज मिळालं की गेलं. तुला इथे का यायचंय हे कोणी विचारतच नाही. त्यामुळे इंटरव्ह्यू म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे व्हायवा येतो, एक्स्टर्नल बसलेत, इमल्शनची व्याख्या विचारतायत, आणि मग आपण पोराला व्हायवाला बसवल्यासारखं पाठ करायला बसवतो. इथे बहुतेक ठिकाणी एमएमआय असतो, म्हणजे छोटी छोटी स्टेशन्स, प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस, पाच-सात मिनिटं, बेल वाजली की पुढे. कुठे पाचच, कुठे जास्त, काही ठिकाणी ऑनलाइन, काही ठिकाणी गटात चर्चा, त्यामुळे सगळ्यात पहिलं वाचन म्हणजे त्यांनी पाठवलेला ईमेल, नीट, शेवटच्या ओळीपर्यंत. हसू नका, दरवर्षी दोघं-तिघं असे येतात ज्यांना गणिताचं स्टेशन आहे हे तिथे आल्यावर कळतं, आणि ते ईमेलमध्ये लिहिलेलं असतं.

आता मी एका स्टेशनवर बसते तेव्हा दिवसभर तोच प्रश्न तीस-चाळीस जणांना विचारते. दुपारपर्यंत मला पाठ केलेलं उत्तर पहिल्या वाक्यातच ओळखू येतं. एकदा एक मुलगा आला, फार हुशार, औषधनिर्माणात सध्या काय महत्त्वाचं वाटतं म्हटल्यावर धाडधाड सुरू, फ्लेमिंग, १९२८, पेनिसिलिन, मग १९४५ च्या नोबेलच्या भाषणात फ्लेमिंगनीच रेझिस्टन्सचा (जंतू औषधाला दाद देईनासे होतात त्याचा) इशारा दिला होता, सगळं बरोबर हं, एक चूक नाही. मी म्हटलं वा. आता सांग, शेजारच्या काकू आल्यात, सर्दी झालीय, म्हणतायत घरात मागच्या वेळचं अमॉक्सिसिलिन उरलंय ते घेऊ का. तो थांबला तो थांबलाच. मग म्हणाला, "मी त्यांना सांगीन की अँटिबायोटिक रेझिस्टन्स ही जागतिक समस्या आहे." काकूंना! सर्दी व्हायरसने होते, अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाही, उरलेलं का उरलं म्हणजे मागचा कोर्स अर्धवट सोडला होता का, किती दिवस झाले, ताप आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, आणि ते उरलेलं फार्मसीत परत आणून द्या आम्ही नष्ट करतो, एवढं साधं यायला हवं होतं. त्याने वाचलं नव्हतं असं नाही, खूप वाचलं होतं, पण वाचताना समोर माणूस नव्हता.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, वाचन पुस्तकापासून सुरू करायचं नाही, पाकिटापासून करायचं. घरात एखादं औषध असेलच, ते घ्या आणि त्यावर जे जे छापलंय त्याला "का" विचारत बाहेर जा.

पॅरासिटामॉलचंच बघू. सुपरमार्केटमध्ये १६ गोळ्यांचं पाकीट मिळतं, फार्मसीत ३२ चं. का? तुमच्या लेकीला हे माहितीच असेल की दोन पाकिटांपेक्षा जास्त घेतली तर कॅशियर नाही म्हणतो, पण का ते शोधलं नसेल. १९९८ मध्ये इथे नियम आला, पाकिटं लहान करायचा, कारण लोक भावनेच्या भरात घरात असतील तेवढ्या गोळ्या खात होते, आणि घरातच कमी गोळ्या असल्या तर नुकसान कमी होतं. त्यानंतर पॅरासिटामॉलमुळे होणारे मृत्यू कमी झाले. म्हणजे कार्डबोर्डच्या खोक्याची साईज हासुद्धा औषधोपचाराचा भाग आहे! आता इथून केमिस्ट्रीत शिरा, तिची ए लेव्हलची केमिस्ट्री आहे ना, तर शरीरात पॅरासिटामॉलचा थोडा भाग एका विषारी पदार्थात बदलतो, नॅपक्वी म्हणतात त्याला, लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडून निकामी करतं. डोस जास्त झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि मग तो लिव्हरच जाळतो. उतारा म्हणून अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात कारण त्यापासून ग्लुटाथायोन परत तयार होतं. आणि ह्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी माणसाला बरं वाटत असतं, तो म्हणतो मला काही झालं नाही, घरी जातो. म्हणून काउंटरवर कोणी म्हणालं की दात दुखतोय, कालपासून पॅरासिटामॉल घेतेय आणि सोबत सर्दीचं गरम पेय पण घेतेय, तर फार्मासिस्टचे कान टवकारतात, कारण त्या पेयाच्या पुडीतही पॅरासिटामॉलच असतं आणि तिला ते ठाऊक नसतं.

बघा, एक पाकीट, आणि कायदा, समाज, केमिस्ट्री, काउंटरवरचं बोलणं सगळं आलं. चौदा पुस्तकांत हे एका जागी सापडणार नाही.

मग कोडीन, अफूच्या जातीचं वेदनाशामक. को-कोडामॉलचं (पॅरासिटामॉल अधिक कोडीन) फार्मसीत मिळणारं पाकीट घ्या, समोरच ठळक छापलेलं असतं, सवय लागू शकते, फक्त तीन दिवस वापरा. आणि ते ३२ पेक्षा मोठ्या पाकिटात विकत मिळत नाही. हे शेल्फवरून उचलता येत नाही, काउंटरच्या मागे असतं, का असतं? इथे औषधांचे तीन वर्ग आहेत, जीएसएल म्हणजे कुठेही मिळणारी, पी म्हणजे फक्त फार्मसीत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली, आणि पीओएम म्हणजे प्रिस्क्रिप्शनवरच. हे पाठ करण्यात मजा नाही, पण औषध एका वर्गातून दुसऱ्यात का गेलं ह्यात फार मजा आहे. कोडीन लिंक्टस हे खोकल्याचं औषध आधी काउंटरवर मिळायचं, गैरवापर व्हायला लागला म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रिस्क्रिप्शनवर ढकललं. उलट दिशेने, २०२१ मध्ये डेसोजेस्ट्रेल ही गर्भनिरोधक गोळी प्रिस्क्रिप्शनवरून फार्मसीत आणली. एक बाहेर काढलं, एक आत घेतलं, दोन्ही निर्णय एकाच संस्थेचे, एमएचआरएचे, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेचे. लेकीला विचारा, का गं असं? ती जे उत्तर शोधून आणेल, फायदा किती, धोका किती, डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला किती वेळ लागतो, तेच इंटरव्ह्यूत बोलायचं असतं. आणि महाराष्ट्रातलं तिने बघितलंय ना सुट्टीत, मेडिकलमध्ये जाऊन स्ट्रिप दाखवली की देतात, स्ट्रिपवर लाल रेघ (म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं) असली तरी, तर ती तुलना करायला हरकत नाही, फक्त "इंडियात काही नियमच नाहीत" असलं बोलू नये. नियम आहेत, फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ चा आहे, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सुरू झाली त्याच वर्षीचा. पाळणं हा वेगळा मुद्दा. आणि ते इथेही वेगळाच मुद्दा असतो अधूनमधून, पण ते जाऊ दे.

आता पाकिटाच्या आतला तो घडी घातलेला कागद, लीफलेट. आपण तो उघडून परत त्याच घडीत घालायचा प्रयत्न करतो, जमत नाही, फेकून देतो. माझ्या मते एमफार्मच्या इंटरव्ह्यूसाठी ह्याच्याइतकं चांगलं वाचन नाही. सहा भाग असतात: औषध कशासाठी, घेण्याआधी काय बघायचं, कसं घ्यायचं, साइड इफेक्ट, कसं ठेवायचं, आत काय काय आहे. चौथ्या भागात कॉमन म्हणजे दहात एकापर्यंत, रेअर म्हणजे हजारात एकापर्यंत असं असतं, ते आकडे एखाद्या घाबरलेल्या माणसाला कसे सांगशील हा विचार तिने करावा. काही लीफलेटवर उलटा काळा त्रिकोण दिसेल, त्याचा अर्थ औषधावर जास्त लक्ष ठेवलं जातंय, काहीही त्रास झाला तर कळवा. कळवायचं कुठे तर यलो कार्ड, ते १९६४ पासून आहे, थॅलिडोमाइडच्या प्रकरणानंतर आलं, गरोदर बायकांनी ते औषध घेतलं आणि बाळं व्यंग घेऊन जन्मली ते प्रकरण. थॅलिडोमाइड बहुतेक मुलं वाचून येतात, यलो कार्ड पेशंटलाही स्वतः भरता येतं हे फार कमी जणांना माहीत असतं.

आणि सहावा भाग, आत काय आहे, तो कोणी वाचत नाही. मी त्याचं महत्त्व एका गुजराती बाईंकडून शिकले, बा म्हणायचो आम्ही त्यांना. कम्युनिटीत असतानाची गोष्ट, बा ओमेप्राझोल घ्यायच्या, अ‍ॅसिडिटीसाठी, आणि अ‍ॅसिडिटी काही कमी होईना, डोस २० वरून ४० केला तरी नाही. एक दिवस गर्दी नव्हती म्हणून मी माझ्या मोडक्या गुजरातीत विचारलं, बा, गोळी घेता कशी ते मला सांगा बरं, अगदी पहिल्यापासून. तर त्या म्हणाल्या, वरचं टरफल नॉनव्हेज असतं ना, ते मी टाकून देते, आत ते दाणे असतात ते खलबत्त्यात बारीक करते आणि गरम पाण्यातून घेते. दोन मिनिटं मला काही बोलताच येईना. ओमेप्राझोल अ‍ॅसिडमध्ये टिकत नाही, म्हणून त्या प्रत्येक दाण्याला लेप असतो, पोटातलं अ‍ॅसिड पार करून आतड्यात गेल्यावर सुटणारा. बा तो लेप रोज सकाळी खलबत्त्यात कुटत होत्या. औषध चांगलं, डोस बरोबर, डॉक्टर बरोबर, पेशंट इमानदार, आणि तरी उपयोग शून्य. चूक म्हणावी तर आमचीच, इतक्या महिन्यांत कॅप्सूलचं टरफल जिलेटिनचं आहे आणि समोर पक्क्या शाकाहारी बाई आहेत हे आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. मग डॉक्टरांशी बोलून जिलेटिन नसलेला प्रकार शोधून दिला.

तुमच्या लेकीच्या आजीच्या डब्यात अशी एखादी गोष्ट नक्की असेल. ती शोधायला सांगा. आपली मुलं ह्या बाबतीत पुढे असतात, घरात दोन भाषा, उपास, काढा, हळद, "गोळ्या गरम पडतात", हे सगळं त्यांनी बघितलेलं असतं आणि इंटरव्ह्यूत मात्र ते लपवून ठेवतात, वाटतं हे काय सांगायचं. सांगायचं! उपासाला डायबेटिसच्या गोळ्यांचं आजी काय करते हा प्रश्न एखाद्या प्रोफेसरलाही सरळ बसवेल.

काउंटरवर विचारायचे पाच प्रश्न असतात, इथे प्रत्येक दुकानात शिकवतात: औषध कोणासाठी, त्रास काय, किती दिवस झाले, आत्तापर्यंत काय केलं, दुसरी कुठली औषधं चालू आहेत. इंग्रजीत त्याची आद्याक्षरं जोडून व्हॅम म्हणतात. हे पाच तिच्या जिभेवर असू देत, कुठलाही रोलप्ले आला तरी सुरुवात करता येते. पण पोलिसासारखे विचारायचे नाहीत.

बातम्यांमधलं काय वाचायचं, तर फार्मसी फर्स्ट वाचायलाच हवं जर इंग्लंडमधली युनिव्हर्सिटी असेल. ३१ जानेवारी २०२४ ला सुरू झालं, सात आजारांसाठी डॉक्टरकडे न जाता फार्मासिस्टच तपासून, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देऊ शकतो: सायनस, घसा, मुलांचा कान, किडा चावून झालेलं इन्फेक्शन, इम्पेटिगो (त्वचेचं एक इन्फेक्शन), नागीण, आणि १६ ते ६४ वयाच्या बायकांचं साधं लघवीचं इन्फेक्शन. यादी पाठ असणं ठीक, पण तिला विचारा की पुरुषाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर त्याला ह्यात का घेतलं नाही, किंवा प्रेग्नंट बाईला का नाही. हे शोधलं की "साधं" ह्या शब्दाचा अर्थ कळतो. स्कॉटलंडमध्ये त्याच नावाची सेवा २०२० पासून आहे आणि तिचे नियम वेगळे आहेत, तेव्हा ग्लासगोच्या इंटरव्ह्यूला जाऊन इंग्लंडचं सांगू नये. आणि दुसरं, आता नव्याने रजिस्टर होणारे फार्मासिस्ट २०२६ पासून पहिल्या दिवसापासून प्रिस्क्रायबर असणार आहेत, आधी त्यासाठी नंतर वेगळा कोर्स करायला लागायचा, मी केलाय तो. म्हणजे तुमची लेक चार वर्षं एमफार्म आणि एक वर्ष ट्रेनिंग करून बाहेर पडेल ती स्वतः प्रिस्क्रिप्शन लिहिणारी असेल. "मला गोळ्या मोजायला आवडतील" अशा थाटाचं उत्तर त्यामुळे आता चालत नाही.

पैशांचं पण वाचू दे. इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पौंड लागतात, वेल्समध्ये २००७ पासून, स्कॉटलंडमध्ये २०११ पासून फुकट. मी काउंटरवर असताना महिन्यातून एकदा तरी कोणीतरी प्रिस्क्रिप्शन पुढे करून हळूच विचारायचं, ह्या तिघांतलं सगळ्यात गरजेचं कुठलं, एकच घेते आज. हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मला काय बोलावं सुचलं नव्हतं. डायबेटिसच्या गोळ्या घेणाऱ्यांना माफ आहे, अस्थमावाल्यांना नाही, कारण ती आजारांची यादी १९६८ सालची आहे आणि त्यात नंतर जवळजवळ फक्त कॅन्सर घातला गेला, २००९ मध्ये. आता समोर अस्थमाचा पेशंट आहे, दोन इनहेलर लिहिलेत, एक निळा लगेच आराम देणारा आणि एक रोज घ्यायचा प्रिव्हेंटर, तो म्हणतो निळा द्या फक्त. काय करशील? ह्याचं एकच बरोबर उत्तर नसतं, पण प्रिव्हेंटर सोडला तर काय होतं, वर्षाचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट (एकदा पैसे भरले की वर्षभर प्रत्येक औषधाचे वेगळे लागत नाहीत) परवडेल का, त्याला माफी मिळते का, डॉक्टरशी बोलू का, असं बोलत गेलं की मी मार्क देत जाते.

एथिक्ससाठी जाडं पुस्तक अजिबात नको. जीपीएचसीची, म्हणजे फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन करणाऱ्या इथल्या कौन्सिलची, फार्मसी प्रोफेशनल्ससाठीची स्टँडर्ड्स आहेत, नऊच आहेत, २०१७ ची, चहा पिता पिता वाचून होतात. वाचताना प्रत्येकाला एक प्रसंग जोडायचा, शाळेतला चालेल, शनिवारच्या नोकरीतला चालेल. चुकीबद्दल बोलायची वेळ नक्की येते. इथे २००७ मध्ये एका फार्मासिस्टकडून प्रेडनिसोलोनच्या जागी प्रोप्रानोलॉल गेलं, नावं बघा किती जवळ, पेशंट दगावली, फार्मासिस्टवर फौजदारी खटला चालला. ह्यामुळे लोक चुका लपवायला लागतील अशी ओरड झाली आणि २०१८ मध्ये कायदा बदलला, प्रामाणिकपणे झालेली आणि लगेच कळवलेली चूक असेल तर फार्मासिस्टला बचाव मिळतो. हे वाचलेल्या मुलीला "तुझ्या हातून चूक झाली तर" विचारलं की ती "मी चूक करणारच नाही" म्हणत नाही. जे म्हणतात ना, त्यांची मला खरंच भीती वाटते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती आपली आहे. १९८६ मध्ये मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये १४ पेशंट गेले, औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं, इंडस्ट्रीत वापरतात ते. चौकशीला लेंटिन कमिशन बसलं होतं. आम्हाला सेकंड इयरला सरांनी हे शिकवलं ते सिलॅबसमध्ये नव्हतं म्हणून, पूर्ण तास घेतला आणि शेवटी फळा पुसून निघून गेले. हेच रसायन अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फाच्या एका पातळ औषधात होतं, शंभरावर लोक गेले आणि पुढच्या वर्षी तिथे कायदाच आला. दोन्ही एकत्र वाचा, मग कळतं की औषधात औषधाशिवाय जे असतं, द्रावक, गोडी, रंग, त्याचीही तपासणी का लागते. मुंबई-पुण्याचं घर असलेल्या मुलीने हे सांगितलं तर ते उसनं वाटत नाही. फक्त ओढूनताणून आणायचं नाही, संबंध आला तरच.

गणित. ह्याची आपली मुलं काळजी करत नाहीत आणि तिथेच मार्क घालवतात. अवघड काहीच नसतं: मूल २० किलोचं, डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सात दिवस, औषध ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, किती मिली द्यायचं आणि किती लागेल. एका वेळी १०० मिलिग्रॅम म्हणजे ४ मिली, २१ डोस, ८४ मिली. एवढंच. पण कॅल्क्युलेटर नसतो कधीकधी, घड्याळ टिकटिकत असतं, आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं की मूल दहापट डोस पितं. माझ्या सवयीचं सांगते, उत्तर आलं की एकदा मोठ्याने म्हणायचं "चार मिली, म्हणजे चमचाभराला थोडं कमी, वीस किलोच्या पोराला, बरोबर वाटतंय." ४० आलं असतं तर म्हणतानाच अडखळलो असतो. टक्के पण बघून ठेव म्हणावं, १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, ह्यावर बरेच जण घसरतात.

आता तो प्रश्न जो तुम्ही शेवटी हळूच विचारलाय, मेडिसिन का नाही असं विचारलं तर. विचारतात. आणि आपल्या घरांत हे दुखरं असतं, कारण नातेवाईकांत "मेडिसिनला नाही मिळालं म्हणून फार्मसी" हे वाक्य लेकीने चारदा ऐकलेलं असतं. खरंच तसं असेल तर खोटं बोलायची गरज नाही, पण मग फार्मसीतलं काय वाचून मन इकडे आलं ते सांगता आलं पाहिजे. एका मुलीने मला सांगितलं होतं की तिने मेडिसिनला अर्ज केला होता, मग फार्मसीत दोन आठवडे शॅडो केलं (फार्मासिस्टसोबत राहून काम बघितलं) आणि तिला दिसलं की डॉक्टरने लिहिलेलं फार्मासिस्टने अडवलं, फोन केला, डोस बदलला, आणि पेशंटला कळलंसुद्धा नाही. "ते न कळणं मला आवडलं" म्हणाली. तिला मी पूर्ण मार्क दिले.

तर तुमच्या तीन आठवड्यांचं म्हणाल तर पहिला आठवडा दोन-तीन पाकिटं, लीफलेटसकट. आठवड्यात एक शनिवार जवळच्या फार्मसीत तासभर उभं राहू देत का विचारा, बहुतेक जण मागच्या भागात नाही येऊ देत पण काउंटरजवळ बसून बघता येतं. दुसऱ्यात जीपीएचसीची ती नऊ आणि फार्मसी फर्स्ट, आणि रोज दहा मिनिटं गणित. त्या चौदातलं एखादं पुस्तक तिला खरंच आवडलं असेल तर ते वाचू दे की, पण आवडलं म्हणून, आणि एकच प्रकरण नीट. पर्सनल स्टेटमेंटमध्ये एखाद्या पुस्तकाचं नाव टाकलं असेल तर मात्र ते सगळंच वाचलेलं असायला हवं, त्यावर हमखास विचारतात आणि मी स्वतः एकाला विचारलंय, त्याने मागच्या कव्हरवरचं सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात वाचन बंद, फक्त बोलणं. मॉक इंटरव्ह्यू तुम्ही घेऊ नका, आईने घेतला की भांडण होतं, माझ्या घरी झालंय. त्यापेक्षा गावी आजीला व्हिडिओ कॉल लावा आणि लेकीला म्हणा, आजीची बीपीची गोळी कशासाठी आहे ते तिला मराठीत समजावून सांग, एकही इंग्रजी शब्द न वापरता जमेल तेवढं. मराठी अडखळेल, अडखळू दे, तेव्हाच तिला कळेल की कुठली गोष्ट समजलीय आणि कुठली नुसती पाठ आहे. आजीने मध्येच "पण मग मी ती रात्री घेतली तर?" असं विचारलं आणि लेक म्हणाली "थांब हं आजी, बघून सांगते", तर तयारी चांगली चाललीय असं समजा, आणि ते काय बघून सांगितलं ते मला पण कळवा.